पंगतीतला शेवटचा माणूस

पंकजाने कापसाचा बोळा पुन्हा बाटलीत बुडवला, निपटला आणि चित्राच्या उजव्या कोपऱ्यावर हलक्या हाताने गोल गोल फिरवला, तेव्हा दमयंतीला आधी काही दिसलंच नाही. बोळ्यात तपकिरी रंग चढला, एवढंच. मग पंकजाने टेबलावरचा दिवा तिरका केला, आणि चित्रात आजवर जिथे नुसती ओसाड माती होती तिथून एक गुडघा वर आला. मांडी घालून बसलेल्या माणसाचा गुडघा, काळासावळा, त्यावर धोतराची मळकी कड. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं म्हणून बोलावलं, असं पंकजा म्हणाली. संग्रहालयाने जुनी चित्रं स्वच्छ करायला तिला पुण्याहून आणलं होतं. तोंडावरचा मास्क खाली ओढून ती, डॉक्टर रिपोर्ट समजावून सांगतात तशा सुरात, एकेक गोष्ट सांगत गेली. वरचा रंग नंतरचा आहे. त्याच्या आणि खालच्या रंगाच्या मध्ये वार्निशचा पातळ थर आहे. म्हणजे खालचं चित्र एकदा पूर्ण झालं होतं, चित्रकाराने ते पूर्ण समजून त्यावर वार्निश फिरवलं होतं, आणि त्यानंतर कुणीतरी ते बदललं. पंगतीच्या शेवटी बसलेला तो माणूस मुळात पंगतीत नव्हताच. तो इथे होता, या कोपऱ्यात, दगडी पायरीच्या पलीकडे. कुणी बदललं, असं दमयंतीने विचारलं, तेव्हा पंकजाने खांदे उडवले. रंग जुना आहे, चित्रकाराच्या हयातीतला असेल किंवा थोडा नंतरचा. हात कुणाचा ते रंगावरून सांगता येत नाही.

रिक्षाने सावेडीला घरी जाताना दमयंतीला तो गुडघाच दिसत राहिला. चेहरा असता तर तिने त्याला काही विचारलं तरी असतं. संग्रहालयाला देईपर्यंत पस्तीस वर्षं ती या चित्राबरोबर राहिली होती. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा हॉलमध्ये समोरच ते टांगलेलं होतं, आणि तिच्या वडिलांनी सोयरीक ठरवताना मुलाच्या कमाईआधी चित्राचा उल्लेख केला होता. मुलाचे आजोबा म्हणजे 'एक पंगत' काढणारे विष्णुपंत, असं ते ज्याला त्याला सांगत सुटले होते. विष्णुपंत नगरच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. राहुरीच्या बाजूला मुळा नदीकाठच्या एका गावात एकोणीसशे तीसनंतर कधीतरी सहभोजन झालं, सगळ्या जातींची माणसं मारुतीच्या देवळापुढे एका पंगतीत जेवली, आणि त्याचं विष्णुपंतांनी चित्र केलं. पंगतीच्या टोकाला हनुमंत नावाचा, गावकुसाबाहेरच्या वस्तीतला माणूस बसलेला. त्याच्या एका अंगाला गावच्या पाटलाचा सदरा जवळजवळ त्याच्या दंडाला लागलेला. त्या स्पर्शावर दमयंतीने एक अख्खा निबंध लिहिला होता. तो अभ्यासक्रमाला लागला, त्यावर परीक्षेत प्रश्न आले, मुलांनी त्याची पाठांतरं केली. निबंधात तिने उजव्या कोपऱ्यातल्या मोकळ्या मातीबद्दलही लिहिलं होतं. चित्राला तिथे श्वास घ्यायला जागा मिळते, असं काहीतरी. आता रिक्षात बसून तिला आपल्याच त्या वाक्याची शिसारी आली. तिथे श्वास नव्हता, तिथे माणूस गाडलेला होता. पण हेही वाक्यच झालं, असं लगेच तिच्या मनात आलं, आणि तिने प्रोफेसर कॉलनी चौकातल्या सिग्नलकडे लक्ष वळवलं.

पुढच्या पंधरवड्यात संग्रहालयात चित्राचं अनावरण होतं आणि तिचं भाषण होतं. तेव्हाचं साहित्य आणि तेव्हाची कला यांच्यावरून तो समाज कितपत पुढे गेला होता, असा विषय. हा तिचा हातखंडा विषय. आयुष्यभर तिने हेच शिकवलं: त्या पिढीच्या कादंबऱ्या काढा, नाटकं काढा, मासिकांची मुखपृष्ठं काढा, आणि बघा समाज कुठून कुठे आला ते. पण त्या संध्याकाळी भाषणाचे कागद पुढ्यात घेऊन बसल्यावर तिला एकेका उदाहरणाचा संशय येऊ लागला. कादंबऱ्यांतल्या त्या विधवा. पुनर्विवाहाच्या बाजूने पानंच्या पानं वाद घालायच्या, आणि लग्न ठरलं की त्यांना क्षय व्हायचा. लेखकाने त्यांना बोहल्याच्या पायरीपर्यंत नेलं हे आपण मुलांना सांगत आलो. पायरीवर त्यांना मारूनच का टाकलं हे कधी विचारलं नाही. मुखपृष्ठांवरच्या त्या बायका, हातात पुस्तक घेऊन खिडकीबाहेर बघणाऱ्या. एकीचीही नजर पुस्तकात नाही. विष्णुपंतांनीच तशी कितीतरी मुखपृष्ठं केली होती. विष्णुपंतांची बायको मात्र घरातल्या कुठल्याच चित्रात नव्हती. पंगतीत वाढणाऱ्या बायका आहेत, पण त्या सगळ्यांना एकच चेहरा आहे. बहुधा एकाच बाईला बसवून त्यांनी तो उतरवला असावा, आणि ती कोण हे आता सांगायला कुणी उरलं नव्हतं.

मग तिला आठवलं ते तिचं स्वतःचं. लग्नानंतर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, तिला समोर बसवून सांगितलं होतं की आमच्याकडे नवऱ्याला नावानेच हाक मारायची, अहो-जाहो चालणार नाही. ती लाजली होती. तिला जमत नव्हतं, जीभ अडखळत होती. पाहुणे आले की अण्णा मुद्दाम म्हणायचे, सूनबाई, जरा केदारला हाक मारा. ती स्वयंपाकघरातून 'केदार' म्हणून हाक मारायची, पाहुणे कौतुकाने एकमेकांकडे बघायचे, आणि ती पुन्हा पोळ्या लाटायला वळायची. पुढे मागे कुणी त्या घरावर लिहिलं असतं तर हे नक्की लिहिलं असतं, की त्या काळीच त्या घरातल्या सुना नवऱ्याला नावाने हाक मारत. आणि त्यात एक अक्षर खोटं नसतं. तिला वाटलं, आपल्याही काळाचं असंच कुणीतरी मोजमाप करणार. आपले निबंध काढतील, पाईपलाईन रोडवरच्या होर्डिंगांचे फोटो काढतील, महिला दिनाच्या पुरवण्या काढतील, आणि म्हणतील, किती पुढे गेली होती माणसं.

केदार फिरून आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. तो वकिली करत होता, अजूनही रोज कोर्टात जायचा, आणि ऐकताना चेहऱ्यावर काही उमटू न देण्याची त्याची सवय घरातही सुटत नसे. त्याने पायातले मोजे काढले, नीट एकात एक घातले, मग म्हणाला की अण्णांनी कधीतरी त्या चित्राची थोडी डागडुजी केली होती, त्यातलंच काही असेल. दमयंती त्याच्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत अण्णांनी ब्रश हातात धरल्याचं तिने कधी ऐकलं नव्हतं. कसली डागडुजी, असं तिने विचारलं. तो म्हणाला, चित्र मुंबईला एका प्रदर्शनात जायचं होतं, कोपऱ्यात रंगाचे पोपडे आले होते. उत्तर फार लवकर आलं, असं तिला वाटलं. ठरवून ठेवल्यासारखं. की नवऱ्याचं प्रत्येक उत्तर ठरवून ठेवलेलं वाटावं अशी आज आपलीच नजर झाली आहे?

"ती जी कोण पंकजा आहे, तिला सांग, जेवढं केलंय तेवढं बास," केदार म्हणाला. "तेवढा भाग पुन्हा रंगवून टाकायचा. लोकांना जे चित्र माहीत आहे तेच त्यांना दिसू दे."

"आणि खाली जे आहे ते?"

"ते खाली आहेच की. कुठे जातंय?"

त्या रात्री त्यांच्यात भांडण झालं नाही. केदारने फक्त एकच मुद्दा मांडला, आणि तो बरोबर होता, म्हणूनच तिला टोचत राहिला. समज, विष्णुपंतांनीच ते बदललं असेल. त्यांनी आधी जे पाहिलं ते काढलं, मग त्यांना त्याची लाज वाटली, आणि जसं असायला हवं होतं तसं त्यांनी केलं. मग त्यांचं खरं चित्र कुठलं? आधीचं की लाज वाटल्यानंतरचं? अंथरुणावर पडल्यावर दमयंतीला वाटलं, कदाचित ही लाज म्हणजेच त्या काळाची खरी मजल असेल. आधीच्या पिढ्यांना तो माणूस पायरीपलीकडे बसलेला दिसलाही नसता. याला दिसला, याने काढला, आणि मग याला राहवेना. पण लगेच दुसरा संशय पहिल्याच्या मागून आला: लाज वाटलेल्या माणसाने पंगत हलवायला हवी होती. रंग हलवणं त्याहून कितीतरी सोपं.

हनुमंताचा नातू बिभीषण राहुरीला राहतो हे तिला ठाऊक होतं. कृषी विद्यापीठात तो मातीचा प्राध्यापक होता, निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली होती. निबंध लिहिताना त्याला एकदा भेटावं असं तिच्या मनात आलं होतं, पण ती गेली नव्हती. चित्र समोर असताना माणसांना काय विचारायचं, अशी काहीतरी तेव्हाची समजूत. आता तिने फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने निघाली. निघण्याआधी तिने पोटभर पोहे खाल्ले, कारण रिकाम्या पोटी बस लागते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस उभा होता, मध्येच एखादा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत बसला अडवून धरायचा आणि सगळी बस त्याच्यामागे मुकाट्याने रांगत राहायची. बिभीषणचं घर विद्यापीठाच्या अलीकडे, नव्या वसाहतीत होतं. दारात सीताफळाचं झाड, आत स्वच्छ फरशी, आणि हॉलमध्ये समोरच 'एक पंगत'. छापील प्रत, काचेच्या चौकटीत. दमयंती चप्पल काढता काढता थांबली. तिच्या घरात जिथे होतं तिथेच.

बिभीषण उंच, कृश, बोलण्यात सावकाश. तिला 'मॅडम' म्हणत होता आणि ती त्याला 'सर'. तिने मोबाईलवर काढलेला त्या गुडघ्याचा फोटो दाखवला. त्याने चष्मा कपाळावर सरकवून तो जवळून पाहिला, मोठा केला, पुन्हा लहान केला, आणि मग तिला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. त्याला धक्का बसला नाही. उलट त्याचा चेहरा उजळला. आजोबा सांगायचे तसंच आहे हे, तो म्हणाला. गावातल्या पोरांना गोळा करून आजोबा सांगायचे की त्या दिवशी मला पंगतीत बोलावलं, पाट मांडला, पण मी गेलो नाही. वर्षातून एक दिवस शेजारी बसवून घेता आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवरून हाकलता, तर तुमचं अन्न मला नको. असं म्हणून ते पायरीच्या पलीकडे जाऊन बसले आणि सगळ्यांचं जेवण होईपर्यंत तिथून हलले नाहीत. चित्रात त्यांना पंगतीत बसवलेलं पाहून त्यांना आयुष्यभर राग होता.

"लोक म्हणतात, आमच्या आजोबांना त्या लोकांनी पंगतीत घेतलं," बिभीषण म्हणाला. "मॅडम, त्यांनी घेतलं नाही. आजोबांनी नाही म्हटलं. त्यांचं ते नाही म्हणणंच पुसून टाकलं कुणीतरी."

हे किती सुंदर, असं दमयंतीला वाटलं. आणि नेमकं त्या सौंदर्यानेच ती सावध झाली. विहिरीचा तो उल्लेख, ते नेटकं वाक्य, आयुष्यभर सांगून सांगून गोटा झालेलं. इतकं गोटीबंद बोलणं हनुमंताने त्या दिवशी खरंच केलं असेल, की पुढे त्याने ते रचलं? की मोर्चांतून, सभांतून वाढलेल्या नातवाने आजोबाच्या तोंडी घातलं? वरच्या रंगावर ती पस्तीस वर्षं विसंबली, आता हा दुसरा रंग आला तर लगेच त्यावर विसंबायचं का? असा संशय घेण्याचा आपल्याला काय अधिकार, असंही तिला वाटलं. विष्णुपंतांच्या चित्राचा संशय घ्यायला आपल्याला पस्तीस वर्षं लागली आणि हनुमंताच्या बोलण्याचा घ्यायला पाच मिनिटंही लागली नाहीत, हे तिच्या ध्यानात आलं.

तेवढ्यात बिभीषणची बायको छबूबाई आतून ताट घेऊन आली. हुलग्याचे शेंगोळे, त्यावर लसणाचा तांबडा तवंग, बाजरीची भाकरी, कांदा. दमयंतीच्या तोंडून आपोआप गेलं, "नको, खरंच नको, मी जेवून आलेय." आणि ते शब्द हवेत गेल्याबरोबर खोली बदलली, किंवा तिला बदलल्यासारखी वाटली. ती खरंच खाऊन आली होती. पोहे अजून घशाशी होते. पण हे आता कुणाला पटवायचं? समजा कोपऱ्यात एखादा ड्रॉइंग मास्तर बसला असता, त्याने हे उतरवून घेतलं असतं: भिंतीवर ती पंगत, खाली ताट पुढे केलेली बाई, आणि हात आखडून घेतलेली ही प्राध्यापकबाई. शंभर वर्षांनी कुणी ते पाहिलं असतं तर पोहे कुठे दिसले असते? तिने घाईघाईने ताट घेतलं, म्हणाली, थोडंसं घेते, वास किती छान येतोय. आणि पहिला घास घेतानाच तिला कळलं की हे खाणंही निखळ खाणं उरलेलं नाही. कुणीतरी पाहावं म्हणून ती खात होती. छबूबाई शांतपणे तिच्याकडे बघत होती.

"भूक नसंल तर ऱ्हाऊ द्या बाई," ती म्हणाली. "आमी काय मनावर घेत न्हाई."

यात टोमणा होता की आपुलकी, हे दमयंतीला शेवटपर्यंत कळलं नाही. शेंगोळे मात्र तिखट आणि गरम होते. हळूहळू, दुसऱ्या-तिसऱ्या घासाला, तिला त्यांची चव लागली.

छबूबाई जमिनीवर भिंतीला टेकून बसली आणि नवऱ्याचं मघाचं सगळं बोलणं जणू आताच संपलं असावं अशा बेताने बोलू लागली. तिची सासू वेगळं सांगायची. हनुमंताची सून ती. सासऱ्याचं तिने जन्मभर केलं. ती म्हणायची, कसलं नको म्हणणं आणि कसलं काय, मामंजींना बोलावलंच नव्हतं. ते लाकडं फोडायला गेले होते. पंगत उठायच्या वेळेला मास्तरांना वाटलं की चित्रात तसा एक माणूस हवा, म्हणून त्यांनी हाक मारून तिथे बसवलं, पुढे रिकामी पत्रावळ ठेवली. अंधार पडेस्तवर बसवून घेतलं. मामंजी उपाशी घरी आले आणि आल्यावर घरात रागावले.

"ते बाहेर येगळं सांगायचे," छबूबाई म्हणाली. "मानसाला बाहेर येगळं सांगावंच लागतं."

बिभीषण खुर्चीत सावरून बसला. आईला काय माहीत, असं तो म्हणाला; आईचं लग्न त्यानंतर कितीतरी वर्षांनी झालं, तिने ऐकीव सांगितलं. आणि तुम्ही काय डोळ्यांनी पाहिलंत का, असं छबूबाईने हळूच विचारलं. नवराबायकोत हे भांडण फार जुनं असावं, कारण त्यात आवाज चढले नाहीत. दोघं आपापली बाजू बसल्या जागेवरून नुसती सरकवत राहिली. दमयंती हातातल्या ताटाकडे बघत राहिली. बाहेरच्या खोलीतली एक गोष्ट आणि चुलीजवळची एक गोष्ट. आणि तिसरी, रंगातली. तिघींपैकी एकीवरही पूर्ण भरवसा ठेवता येत नव्हता, आणि एकीलाही खोटं म्हणायचं धैर्य होत नव्हतं.

निघताना तिने बिभीषणला सरळ विचारलं. वरचा रंग काढला तर पंगतीतला हनुमंत कायमचा जाईल. पंकजा त्याचा फोटो काढून ठेवेल, पण चित्रात तो राहणार नाही. ठेवला तर कोपऱ्यातला हनुमंत कायमचा मातीखाली. चित्र आमच्या घरातलं होतं, आता संग्रहालयाचं आहे, ते आम्हाला विचारतात ते केवळ रीत म्हणून. पण बसलेला माणूस तुमचा आहे. एकदा त्याला न विचारता हलवलं गेलंय. बिभीषण दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहिला. भिंतीवरच्या त्या छापील चित्राकडे त्याने पाहिलं. लहानपणी शाळेत सर पुस्तक उघडून विचारायचे, यातले तुझे आजोबा कोणते, आणि मी बोट ठेवायचो, असं तो म्हणाला. सगळा वर्ग बघायचा. त्या बोट ठेवण्यावर मी मोठा झालो.

"उघडा," तो शेवटी म्हणाला.

केदारला हे तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, तू आधी राहुरीला गेलीस आणि मग मला सांगतेस. ते खरं होतं. मग तो म्हणाला की भाषणात अण्णांचं नाव यायला नको. दमयंतीने विचारलं, अण्णांनी केलं का ते? केदारने तिच्याकडे पाहिलं, आणि लग्नाच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर तिला वकील दिसला नाही. मला माहीत नाही, तो म्हणाला. मी लहान होतो. एकदा ते दार लावून चित्रासमोर बसले होते, हाताला रंग लागलेला होता, एवढंच आठवतं. तो रंग चित्राचा होता की दिवाळीच्या आधी खिडक्यांना देत होते त्याचा, ते मी इतकी वर्षं ठरवतोय. दमयंतीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आधीच्या उत्तराचा तिला संशय आला होता, याचा आला नाही.

अनावरणाच्या दिवशी हॉल बऱ्यापैकी भरला होता. दमयंतीने चित्र मुद्दाम आधी पाहिलं नव्हतं. बिभीषण आणि छबूबाई राहुरीहून आली होती, छबूबाईने जांभळी पैठणी नेसली होती. पंकजा भिंतीशी उभी होती, हाताची घडी घालून. कुणीतरी दोरी ओढली, पडदा एका बाजूला अडकला, तो सोडवायला एक माणूस स्टुलावर चढला, आणि मग चित्र उघडं पडलं. टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच विरल्या, कारण पुढच्या रांगांतल्या लोकांना ओळखीचं चित्र दिसेना. पाटलाच्या शेजारी आता कुणी नव्हतं. त्याचा सदरा रिकाम्या हवेला घासत होता. पंगत तिथेच संपत होती, मग मातीचा एक मोठा पट्टा, मग ती पायरी, आणि पायरीपलीकडे, कोपऱ्यात, हनुमंत. वरच्या थरातला हनुमंत खाली मान घालून जेवत होता; हा मान वर करून सरळ बघत होता, जिथे चित्रकार बसला असेल तिथे. पुढ्यात पत्रावळ होती. तीवर काही वाढलेलं आहे की ती रिकामी आहे हे दिसत नव्हतं, कारण तिच्यावर त्याने दोन्ही हात पालथे धरले होते. पंगतीत वाढपी पुन्हा आला की पुरे म्हणून आपण धरतो, अगदी तसे.

भाषणासाठी दमयंतीचं नाव पुकारायला अजून अवकाश होता, पाहुण्यांचे सत्कार चालले होते. ती उठून चित्राजवळ गेली. बिभीषण आणि छबूबाई तिथे आधीच उभी होती. बिभीषणचे डोळे भरले होते. त्याने बायकोच्या दंडाला हात लावला आणि हलकेच बोट दाखवलं, आजोबांच्या हातांकडे.

"बघ," तो म्हणाला. "नको म्हणतायत."

छबूबाईने नीट पाहिलं. पायरीपलीकडच्या माणसापासून तिने नजर मागे आणली, मातीच्या पट्ट्यावरून, पंगतीवरून, एकाच चेहऱ्याच्या त्या वाढणाऱ्या बायकांवरून. सगळ्या पंगतीकडे वाकलेल्या होत्या. सगळ्यांच्या पाठी कोपऱ्याकडे होत्या.

"व्हय," ती म्हणाली. "पन कुनाला?"

बिभीषणचा हात तिच्या दंडावर तसाच राहिला. मागे माईकवरून दमयंतीचं नाव पुकारलं गेलं, मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने. ती मंचावर गेली, कागद स्टँडवर ठेवले, वरचं पान पाहिलं. पहिलं वाक्य 'त्या काळाने' असं सुरू होत होतं. दुसऱ्या रांगेत केदार होता. त्याने तिच्याकडे पाहून किंचित मान हलवली. होय म्हणून की नको म्हणून, ते तेवढ्या अंतरावरून तिला कळलं नाही. तिने कागद उलटे करून ठेवले आणि लोकांना विनंती केली की आधी सगळ्यांनी उठून, जवळ येऊन, कोपऱ्यातल्या माणसाचे हात बघावेत. क्षणभर कुणीच हललं नाही. मग मागच्या बाजूने एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग दुसरी.